ठाण्याच्या दोन भिंती

मध्य रेल्वेच्या या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला 'ठाणे' या शब्दाचा एक जास्तीचा अर्थ कोणी न शिकवता कळतो. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत कोणी चमत्कारिक वागलं, की वडीलधारी माणसं सहज म्हणून जात, "याला ठाण्याला नेऊन सोडा." कल्याणात हेच ऐकू यायचं, मुंबईतही हेच. पुण्यात त्याच जागी येरवड्याचं नाव यायचं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसे, पण एका शहराचं नाव शिवीसारखं वापरलं जाई, आणि त्या शहरातल्या एका आवारात राहणाऱ्या माणसांचा त्यात काडीचा दोष नव्हता.

ठाण्यात अशा दोन भिंती आहेत, की ज्यांच्या आतलं बाहेरच्यांना सहसा दिसत नाही. एक खाडीजवळच्या किल्ल्याची. पोर्तुगीजांनी १७३० साली तो बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी तो जिंकला, पुढे इंग्रज आले आणि १८३३ पासून तिथे तुरुंग आहे. नाशिकच्या जॅक्सन खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच तुरुंगात फाशी दिलं गेलं. दुसरी भिंत वागळे इस्टेटच्या अंगाला, मनोरुग्णालयाची. एकीकडून दुसरीकडे रिक्षाने जायला फार वेळ लागत नाही. पण ज्याच्या हातून गुन्हा घडला आणि त्या वेळी ज्याचं मन ठिकाणावर नव्हतं, असा माणूस या दोहोंपैकी कुठल्या फाटकातून आत जाणार, हे ठरवायला माणसाच्या जातीला कित्येक शतकं लागली. न्यायालयाला ते ठरवायला मदत करणाऱ्या वैद्यकाच्या शाखेला आज न्यायवैद्यक मनोविकारशास्त्र म्हणतात.

वेड्याला शहाण्यासारखी शिक्षा करू नये, ही समज जुनीच आहे. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीने उन्मत्ताने केलेला व्यवहार ग्राह्य धरलेला नाही. युरोपात सतराव्या शतकात रोमच्या पाओलो झाकिया या वैद्याने न्यायालयीन वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि मनाच्या आजाराबद्दल मत देणं हे वैद्याचं काम आहे असा आग्रह धरला. पण माणूस वेडा आहे हे ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर त्याचं करायचं काय, याची कायदेशीर उत्तरं आपल्यापर्यंत आली ती इंग्लंडमधून, आणि तीही गोळीबाराच्या दोन घटनांमुळे.

१५ मे १८०० रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात जेम्स हॅडफील्ड नावाच्या माजी सैनिकाने राजा तिसऱ्या जॉर्जवर पिस्तूल झाडलं. लढाईत त्याच्या डोक्यावर तलवारीचे खोल वार झाले होते. आपण सरकारच्या हातून मेलो तर जगाचा उद्धार होईल, अशी त्याची समजूत झाली होती. ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवलं. आता हा घरी जाणार की काय, या धास्तीने पार्लमेंटने घाईघाईने कायदा केला: वेडेपणामुळे सुटलेल्या माणसाला सरकारची मर्जी असेपर्यंत डांबून ठेवता येईल. हॅडफील्ड त्यानंतर चाळीस वर्षं जगला आणि बंदिस्तच मेला. 'सरकारची मर्जी असेपर्यंत' हे शब्द लक्षात ठेवा, ते पुढे समुद्र ओलांडून आपल्याकडे येणार आहेत.

दुसरी घटना २० जानेवारी १८४३ची. डॅनियल मॅकनॉटन या स्कॉटिश लाकूडकाम कारागिराने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना पाठीत गोळी घातली. पाच दिवसांनी ड्रमंड गेले. टोरी पक्षाचे लोक आपल्या मागावर आहेत, आपल्याला जगू देत नाहीत, असं मॅकनॉटनला वर्षानुवर्षं वाटत होतं. डॉक्टरांनी एकामागून एक साक्षी दिल्या आणि तो सुटला. देशात गहजब झाला, व्हिक्टोरिया राणीही संतापली. मग हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना विचारलं, नेमका नियम काय आहे ते सांगा. त्यांनी दिलेली उत्तरं म्हणजेच मॅकनॉटन नियम. आपण काय करतो आहोत हे त्याला कळत होतं का? कळत असेल, तर ते चूक आहे हे कळत होतं का? सगळी कसोटी या दोन प्रश्नांवर आली. ही कसोटी समजेची आहे. माणसाला कळतं, पण स्वतःला आवरता येत नाही; किंवा सगळं कळतं, पण एका भ्रमाने त्याचं जगच उलटं करून टाकलेलं असतं, या गोष्टी तिच्यात मावत नाहीत. या उणिवेची किंमत पुढे मुंबईच्या एका खटल्यात दिसली.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने १८४९ साली 'गुन्हेगार वेड्यां'च्या बंदोबस्ताचा वेगळा कायदा केला, आणि १८५८ साली वेड्यांसाठी आणखी कायदे आले. मेकॉलेने १८३७ साली मसुदा केलेली दंडसंहिता १८६० साली मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या कलम ८४ने मॅकनॉटनचे दोन प्रश्न थोडक्या शब्दांत उचलले: कृत्य करताना मनोविकलतेमुळे ज्याला आपल्या कृत्याचं स्वरूप कळत नव्हतं, किंवा आपण करतो ते चूक अथवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नव्हतं, त्याचं कृत्य गुन्हा नाही. २०२३ साली नवी संहिता लिहिताना पहिल्या मसुद्यात 'मनोविकल' अवस्थेऐवजी 'मानसिक आजार' असा शब्द आला होता. तो फार सैल पडेल म्हणून संसदीय समितीने हरकत घेतली आणि जुनाच शब्द परत आला. १ जुलै २०२४ पासून कलम ८४ हे भारतीय न्याय संहितेचं कलम २२ झालं आहे. आकडा बदलला, कसोटी तीच राहिली.

या कायद्यांना इमारती लागल्या. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून वेड्यांचं इस्पितळ होतं. शहर वाढलं, कुलाब्याची जागा दाटीची झाली. इकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली होती आणि पुढल्या वर्षी ती कल्याणपर्यंत पोचली होती. शहरापासून दूर, पण गाडीच्या अंतरावर, अशी जागा नौपाड्याला मिळाली. नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने मिळालेल्या देणगीतून १९०१ साली ठाण्याचं इस्पितळ उभं राहिलं. जुनी कागदपत्रं त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात. आज त्याची मंजूर क्षमता १,८५० खाटांची आहे. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीसह राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. या चारही इस्पितळांना सुरुवातीपासून दुहेरी काम लागलं: आजाऱ्याला बरं करायचं आणि न्यायालयाने पाठवलेल्या माणसावर नजर ठेवून तो कसा आहे हे लिहून कळवायचं. एकच डॉक्टर सकाळी उपचार करणारा आणि दुपारी सरकारला अहवाल देणारा. हा पेच तिथे जन्माला आला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

१९१२च्या वेडेपणाविषयीच्या कायद्याने या व्यवस्थेला घट्ट चौकट दिली. रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी उचलावं, दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं, दंडाधिकाऱ्याने डॉक्टरचा दाखला पाहून भरतीचा हुकूम काढावा. गुन्ह्यातून वेडेपणामुळे सुटलेल्याला सरकारच्या मर्जीनुसार ठेवावं. तो किती दिवसांनी सुटणार, याला उत्तर नव्हतं. शिक्षा झालेला कैदी दिवस मोजू शकत होता, 'निर्दोष' ठरलेला वेडा मोजू शकत नव्हता. याचं टोक आसामात दिसलं. १९५१ साली पकडलेला एक माणूस खटला न चालताच इस्पितळ आणि तुरुंग यांच्यात अडकला. १९६७ साली इस्पितळाने तो ठणठणीत असल्याचं लिहून दिलं होतं. तो सुटला २००५ साली, चोपन्न वर्षांनी.

१९२०च्या दशकाच्या आरंभी 'वेड्यांचे आश्रम' जाऊन 'मानसिक रुग्णालय' हे नाव आलं. नाव बदलल्याने भिंत बुटकी होत नाही, पण एक गोष्ट खरोखर बदलत होती. १९३८ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानी यांनी मनोविकारांचा विभाग सुरू केला. मनाचा आजार हा भिंतीबाहेर, ओपीडीच्या बाकावर बसून दाखवण्याचा आजार झाला, आणि ज्यांनी फक्त कोंडलेली नव्हे तर घरात राहणारी आजारी माणसं रोज पाहिली, अशा डॉक्टरांची पिढी तयार झाली. त्याआधी न्यायालयात वेडेपणावर बोलायचा तो पोलीस सर्जन किंवा सिव्हिल सर्जन. त्याचं खरं शिक्षण शवविच्छेदनाचं आणि विषांचं. मुंबई सरकारचे रसायन परीक्षक आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक इसिडोर लायन यांचं १८८९ सालचं न्यायवैद्यकाचं पुस्तक अशाच डॉक्टरांसाठी लिहिलेलं होतं. हे दोन प्रकारचे डॉक्टर एकाच माणसाबद्दल एकाच न्यायालयात समोरासमोर आले, ते १९६९ साली.

रामन राघव हे नाव आजही उपनगरातल्या म्हाताऱ्या माणसांना शहारा आणतं. १९६८ साली मुंबईच्या उत्तर उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी रात्री ठेचली जात होती. त्याआधी दोनेक वर्षं असेच खून जीआयपी मार्गाच्या, म्हणजे आपल्या मध्य रेल्वेच्या कडेने झाले होते. मेलेली बहुतेक माणसं बेघर, मजूर, कुणाच्या खिजगणतीत नसलेली. या खटल्याची गोष्ट सांगताना त्यांचा विसर पडतो, आणि तो पडू नये. मारेकरी ऑगस्ट १९६८ मध्ये पकडला गेला. गुन्हे शाखेची धुरा तेव्हा रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती.

खटला २ जून १९६९ला मुंबईच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. बचावाचं म्हणणं होतं, की आरोपीचं मन आजारी आहे, तो स्वतःचा बचाव करायला समर्थ नाही. न्यायालयाने त्याला पोलीस सर्जनकडे पाठवलं. २८ जून ते ५ ऑगस्ट, पाच आठवड्यांहून जास्त काळ त्याच्यावर नजर ठेवली गेली. अहवाल आला: स्मरणशक्ती चांगली, बुद्धी सर्वसाधारण, आपल्या कृत्यांची जाण आहे, खटला काय चालला आहे ते कळतं, वेडा ठरवता येणार नाही. बचावाने नायर रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञाला साक्षीला आणलं. त्यांनी सांगितलं, की हा दीर्घकाळचा पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया आहे. आपण मारतो आहोत हे त्याला कळत होतं, पण ते चूक किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळण्याची शक्ती त्याच्यात नव्हती.

दोघांनी पाहिलेला माणूस एकच होता. एकाने पाहिलं, की हा विचारलेल्याला उत्तर देतो, तारखा सांगतो, पोट भरलं की बरं बोलतो. दुसऱ्याने त्याच्या उत्तरांच्या मागचं जग पाहिलं. सत्र न्यायालयाने पहिल्यावर विश्वास ठेवला आणि फाशी सुनावली. आरोपीने अपील केलं नाही. पण फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. उच्च न्यायालयाने ती कायम करण्याआधी सर्जन जनरलला तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला सांगितलं.

मंडळाने त्याची पाच वेळा, दरवेळी सुमारे दोन तास भेट घेतली. त्यातून जे बाहेर आलं ते असं. त्याच्या लेखी जगं दोन होती, एक हे आपलं आणि दुसरं 'कानून'चं, आणि तो त्या कानूनचा प्रतिनिधी होता. लोक आपलं पुरुषत्व बदलू पाहतात, पण ते जमत नाही, कारण आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत. आपण शक्ती आहोत. देशात अकबराचं, इंग्रजांचं आणि काँग्रेसचं अशी तीन सरकारं आहेत आणि ती आपला छळ करतात. शेवटच्या भेटीनंतर डॉक्टरांनी निरोपाला हात पुढे केला, तर त्याने हस्तांदोलन नाकारलं. कानूनच्या माणसाने या पापी जगातल्या माणसांना शिवायचं नसतं.

मॅकनॉटनचा दुसरा प्रश्न इथे लावून पाहा. 'चूक' हे कोणाच्या कायद्याने? आपल्या कायद्याने काय होतं हे त्याला ऐकून माहीत असेलही. पण त्याचा कायदा दुसरा होता. मंडळाने आजारावर शिक्कामोर्तब केलं. पुढे १९८७ साली, आजार बरा होण्यासारखा नाही या कारणाने, त्याची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. तो येरवड्याच्या तुरुंगात होता, पुण्याच्या मनोरुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले. १९९५ साली ससूनमध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने तो मेला. मला विचाराल तर पाच भेटी आणि दहा तास हा या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. या शाखेची नीती सुरू होते ती इथे: बसून ऐकून घेण्यापासून, आणि ज्याने केलेल्या गोष्टींनी अंगावर काटा येतो त्याचंही ऐकून घेण्यापासून.

त्यानंतरच्या खटल्यांनी हळूहळू वाट रुंद केली. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका पोलीस शिपायाचं प्रकरण आलं. अपघातानंतर त्याला मानसिक आजार जडला होता, महापालिकेच्या दारात त्याने स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला आणि त्याबद्दल त्याच्यावरच गुन्हा नोंदला गेला. न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ते कलम पुन्हा वैध ठरवलं खरं, पण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली समजून शिक्षेऐवजी मदत द्यायची असं सांगितलं आणि नव्या संहितेतून ते कलमच गेलं.

२००२ सालचा निकालही महाराष्ट्रातल्याच एका शिपायाचा. १९९४ साली पोलीस वसाहतीत, बायको न्हाणीघरात धुणं धूत असताना त्याने तिच्या डोक्यात पाटा घातला. पळाला नाही, लपला नाही. सत्र न्यायालयाने आणि उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने केसपेपर पुढे घेतले. वडिलांनाही मनाचा आजार होता. त्याच्यावर घटनेच्या आधीपासून उपचार चालू होते, आणि घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला पंचवीस वेळा इस्पितळात न्यावं लागलं होतं. आधी आजार, नंतर आजार, मग मधल्या त्या एका सकाळी तो शहाणा कसा? त्याला कलम ८४चा लाभ मिळाला. कुठल्याशा ओपीडीत कुणा निवासी डॉक्टरने घाईत लिहिलेल्या चार ओळी एका माणसाच्या जन्मठेपेच्या आड आल्या. मनोरुग्णालयात नोंदी नीट ठेवाव्यात असं का म्हणतात, ते यावरून कळावं. त्याच वेळी न्हाणीघरात गेलेल्या त्या बाईला न्याय कुठे मिळाला, हा प्रश्न तिच्या माहेरच्यांनी विचारला तर तोही रास्त आहे. कायद्याकडे त्याचं समाधानकारक उत्तर नाही.

१२ एप्रिल २०१९चा निकालही आपल्याच राज्यातल्या खटल्याचा. फाशीची शिक्षा झालेला कैदी तुरुंगात गंभीर मनोविकाराने आजारी पडला. शिक्षेचा अर्थच ज्याला कळत नाही त्याला फासावर देणं माणुसकीला धरून नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. निकालपत्रात त्याचं नाव कुठेच नाही, 'आरोपी एक्स' एवढंच आहे. आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७च्या कायद्याने दिला आहे, आणि तो हक्क बालिकांचे खून केलेल्या माणसालाही आहे, असं न्यायालयाने आपल्या कागदावर करून दाखवलं.

या शाखेची मूल्यं पुस्तकात आधी लिहिली गेली आणि मग पाळली गेली, असं झालेलं नाही. ती अशा चुकांमधून घडली. जगात १९७७ साली मनोविकारतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने हवाईत आचारसंहिता केली, त्यामागे सोव्हिएत रशियात विरोधकांना वेडे ठरवून इस्पितळात कोंडल्याचा अनुभव होता. आपल्याकडे तपासासाठी गुंगीचं औषध टोचून माणसाला बोलतं करण्याची लाट आली होती. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, संमतीशिवाय हे करता येणार नाही, असं बजावलं. डॉक्टरने कोठडीतल्या माणसासमोर बसल्यावर पहिल्यांदा काय सांगावं, हेही यातूनच ठरलं: मी तुमच्यावर उपचार करायला आलेलो नाही, न्यायालयाने मला पाठवलं आहे, तुम्ही सांगाल ते मी त्यांना कळवणार आहे. शक्यतो उपचार करणारा आणि तपासणारा डॉक्टर वेगळा असावा. आजार आहे की नाही हे डॉक्टरने सांगावं, दोषी की निर्दोष हे न्यायाधीशाने. हे साधं वाटतं. कैदी म्हणून आलेल्या आजाऱ्याला डॉक्टरचा पांढरा कोट दिसला की तो मन मोकळं करतो, आणि म्हणूनच ते साधं राहत नाही.

ठाण्याच्या इस्पितळाच्या जमिनीवर आता ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये नवं रेल्वे स्थानक होतं आहे, इस्पितळाच्या पुनर्विकासाचं कामही सुरू आहे. जुन्या इमारती जातील. पण आतल्या माणसांचा प्रश्न जाणार नाही. कलम ८४खाली, म्हणजे आताच्या कलम २२खाली, सुटलेला माणूस आपोआप घरी जात नाही. कायदा न्यायालयाला दोनच वाटा देतो: त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवा, नाहीतर सांभाळण्याची हमी लिहून देणाऱ्या नातलगाच्या किंवा मित्राच्या हवाली करा. बरे झालेले, तरी वर्षानुवर्षं इस्पितळातच राहिलेले रुग्ण हा विषय डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयापुढे नेला आणि न्यायालयाने राज्य सरकारला जाब विचारला. सरकारने त्यांच्यासाठी घरं उभारावीत, ती उभारलीच पाहिजेत. पण हमीच्या कागदावरची सही सरकार करू शकत नाही. त्या जागी भावाचं, बहिणीचं, पुतण्याचं नाव लागतं. तुमच्या घरी कधी ठाण्याहून, येरवड्याहून तसं पत्र आलं असेल आणि ते कपाटात तसंच पडलं असेल, तर ते काढा आणि त्याला उत्तर लिहा.